आवक क्रमांक दोनशे बारा

—नाही, त्या खुर्चीवर नोका बसू मॅडम, ती महेंद्रची होती. म्हणजे आहे. का होती—ते तं तुमीच चौकशी करून ठरवाले आल्या ना नागपूरहून? संध्याकाळपर्यंत तुमचा रिपोर्ट, रिपोर्टवर सेठची सही, आन पोरगं घरी. त्या स्टुलावर बसा. हलते थोडा, पण पडत नाही कोणी. पाणी? पाणी बाहेर नळावर आहे.

काय विचारलं? महेंद्रचा मेल काहून नाही गेला? हे विचाराले एवढ्या दूर आल्या? सोपं आहे जी. हा डब्बा पाह्यता ना, टेबलाखाली घरघर करते तो—हा आमच्या राइस मिलचा मेल सर्व्हर. चौदा वर्षं झाली, मीच सांभाळतो, हिरालाल. या हापिसात बसून जो मेल पाठवते त्याले हा काहीच विचारत नाही, घरचा माणूस. बाहेरगावाहून, लॉजमधून, स्टेशनावरून पाठवाचा असन तं वेगळं दार आहे, पाचशे सत्त्याऐंशी नंबरचं. तिथं नाव सांगा, पासवर्ड सांगा, मंग आत. आन ज्याचं नाव म्या त्या यादीत टाकलं नाही त्याले—चलो, निकलो. यात चुकलं काय? काही नाही चुकलं. एकदा सेठचा पोरगा दुबईले गेलता, म्हणे अंकल, सबके लिए खोल दो—म्हटलं घे बापा, खोलतो. तीन दिवसांत दुनियाभरच्या चोट्ट्यायनं आमच्या नावानं पत्रं पाठवली, लॉटरी लागली, नवरी पाह्यजे, काय काय—साऱ्या पार्ट्यायनं आमचे मेल घेणंच बंद केलं. शिव्या कोणी खाल्ल्या? हिरालालनं. तवापासून माहा नियम आहे—अर्ज द्या. कागदावर, पेनानं. त्यावर आवकचा शिक्का बसन, रजिस्टरात नंबर चढन, मंग अर्ध्या घंट्यात मी नाव टाकून देतो. हासता? हासा. शिक्क्याबिगर या हापिसात कागद आत येत नाही—सेठच्या घरची लग्नपत्रिका आली तं तिलेबी म्या शिक्का मारलता.

महेंद्रनं अर्ज दिलाच नाही. हे लिहून घ्या. विशाखापट्टणमले गेला, तांदूळ जहाजावर चढवाले. तपासणीचा कागद पाच वाजेपर्यंत पार्टीले पाठवाचा होता, आन पार्टी कंपनीच्याच पत्त्यावरून घेते, फोनावरच्या दुसऱ्या मेलवरून नाही—हे त्याले मालूम नोतं? होतं. नाही गेला कागद, मोडला सौदा, तं माहा दोष? फोन? हौ, केलता म्हणते. मी जेवत होतो. चार वाजता कोण जेवते? मी जेवतो. मी कवा जेवतो त्याचं तुमाले काय कराचं आहे?

पाहा मॅडम, त्याच्याशी माही काही दुश्मनी नाही. आमच्याच वार्डातला. त्याची माय, चंपाबाई, दारात येऊन उभी राह्यलती, म्हणे माह्या महेंद्रले कुठंबी चिपकवा. म्या चिपकवलं. कीबोर्डवर बोट कुठं ठेवाचं तिथपासून शिकवलं. दिवसभर काकाजी, काकाजी, काकाजी—कान पिकले. आन मॅनेजर झाला तं? सेठसमोर, साऱ्या स्टाफसमोर म्हणते—हिरालालजी, हा डब्बा भंगारात द्या आता, आजकाल कोणी ठेवते काय असं. हिरालालजी! काकाजी कुठं गेला? सारे हासले. सेठबी हासला. मले राग आला, भल्ला राग आला, खोटं काहून सांगू—अजूनबी येते. बोलताना जीभ घसरली म्हणून सोडून देऊ, पण त्या अर्जात तरी? काकाजी जाऊ द्या, 'माननीय' लिहाले काय पेनातली शाई सरत होती? सीधं आपलं, हिरालालजी, कृपया माझे नाव बाहेरच्या यादीत—

काय?

कोणता अर्ज? म्या अर्ज म्हटलं? दुसऱ्या कोणाचा असन तो, शंभर लोक देतात. आन ते लॅपटॉप मले नोका दाखवू. त्यानं किती डाव दार ठोकलं ते मले तुमच्यापेक्षा जास्त मालूम आहे. अकरा डाव. पहिला तीन चाळीसले, शेवटचा चार एकोणसाठले. एक एक ओळ येऊन राह्यली होती स्क्रीनवर—नामंजूर, नामंजूर—मी इथंच बसून होतो. हौ, इथंच. जेवलोच नोतो. मले वाटलं, एकडाव फोन करन, एकडाव म्हणन काकाजी, का मी दोन मिनिटांत खोलून देतो. आन फोन वाजला तं उचललाच नाही म्या. काय म्हणाचं होतं त्याले, कोणाले मालूम. काकाजीच म्हणाचं असन. मंग पाच वाजले.

रजिस्टरले हात नोका लावू. मॅडम! ड्रॉवरबी नोका—मी काय म्हणून राह्यलो! ...हौ. दोनशे बारा. हाच तो. शिक्का माहा, तारीख माह्या हातची, तो जायच्या आठ दिवस पयलेची. कागद समोर आला का हात आपसूक जाते शिक्क्यावर, चौदा वर्षांची सवय, त्या हाताले काय मालूम मी मनात काय धरून बसलो. फाडून टाकला असता म्हणता? आवक झालेला कागद फाडतात काय? कोणी शिकवलं तुमाले?

झालं ना समाधान? उठा मंग. रिपोर्ट लिहा, फोटो काढा, सेठच्या कानात सांगा, जे कराचं ते करा, पण माह्यासमोर नोका बसू. स्टूल भिंतीले लावा, जागच्या जागी. थांबा. थांबा म्हटलं! असा कागद हातात घेऊन कुठं चालल्या? जावक रजिस्टर तिकडं आहे, हिरवं. नंबर टाका, तारीख टाका, सही करा. मंग न्या.