डबी, बर्फ आणि माझी सव्वीस वर्षं

आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षं मी लशीची गाडी चालवतोय, सव्वीस, आणि गार म्हणजे काय हे मला शिकवणार कोण, तर काडेपेटीएवढी एक डबी! म्हणे तिच्यात सेन्सर आहे. म्हणे तिच्यात सिमकार्ड आहे. अहो, सिमकार्ड माझ्या मेव्हण्याच्या फोनमध्येही आहे, म्हणून त्याला अक्कल आली का? तर ही डबी लशीच्या पेटीत ठेवायची, आणि दर पाच मिनिटांनी ती कंट्रोल रूमला चहाड्या करणार, आत किती गार, किती गरम, गाडी कुठं आहे, थांबली तर का थांबली... अहो, एवढ्या चौकशा माझ्या बायकोनं जन्मात केल्या नाहीत! आणि डबीला काय कळतं हो? डबीला काय कळतं!

आणि त्याचं ट्रेनिंग! कंट्रोल रूममधली एक मुलगी आलेली, माझ्या पोरीच्या वयाची, आणि आम्ही सगळे पांढऱ्या मिशांचे ड्रायव्हर तिच्यासमोर बाकावर. "काकाऽ, लक्ष द्या हं. पेटीत दोन ते आठ डिग्री. दोनच्या खाली नाही, आठच्या वर नाही. आणि आइसपॅक फ्रीझरमधून काढले की लगेच भरायचे नाहीत हंऽ. टेबलावर ठेवायचे, हलवून बघायचे, आत पाणी डुचमळलं की मगच भरायचे." मला हसू आवरेना. म्हणजे आधी बर्फ वितळवायचा आणि मग त्यानं लस गार ठेवायची? उद्या म्हणाल, टायरमधली हवा काढा आणि मग गाडी पळवा! ती म्हणाली, "काका, काही लशी उकाड्यापेक्षा गोठून जास्त खराब होतात." मी म्हटलं, "हो हो." हो हो म्हणायला आपल्या बापाचं काय जातं?

बरं, पहिलीच खेप कुठली मिळावी? अगदी टोकाचं आरोग्य केंद्र, दीड तासाचा रस्ता, आणि तिथंच आमची पोर दिलेली. तिला पहिली मुलगी झालीय, दीड महिन्याची, आणि तिचा पहिला डोस त्याच दिवशी! पोरीनं तिकडं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "माझ्या लहानपणीच्या लशीही बाबांच्याच गाडीतून आलेल्या, आताही तेच स्वतः घेऊन येताहेत, बिनधास्त या." चाळीस आया येणार होत्या. आता नातीची लस म्हटल्यावर आपण हात आखडता घेऊ का? चार आइसपॅकच्या जागी आठ भरले! दगडासारखे, फ्रीझरमधून काढले तसे. फटी राहिल्या, त्यात बर्फाचे तुकडे कोंबले. शेवटी डबी टाकली, म्हटलं, बस आता कुडकुडत.

अर्धा तास झाला नाही तोच टीं टीं टीं! आणि लगेच फोन. "काकाऽ, तुमची पेटी उणे दोन दाखवतेय." मी म्हटलं, "अभिनंदन." ती म्हणाली, "काका, फार गार झालीय." अहो, फार गार झालीय? लस आहे ती, गारच असणार, अंघोळीचं पाणी आहे का? ठेवला फोन. पाच मिनिटांनी पुन्हा टीं टीं. "काका, उणे तीन." पुन्हा टीं टीं. डोकं उठलं माझं. गाडी बाजूला घेतली, पेटी उघडली, डबी उचलली आणि सरळ शर्टाच्या खिशात टाकली. म्हटलं, घे, बस उबेला, पण गप्प बस! डबीला काय कळतं!

दहा मिनिटं शांतता. मग फोन, आणि या वेळी किंचाळतच, "काका! काका, पेटी चौतीसवर गेली!" मला वाटलं, चौतीस? माणसाची सदतीस असते ना? मी आजारी आहे की काय! आता त्या बयेला कसं सांगणार, की बाई, ही बातमी पेटीची नाही, माझ्या छातीची आहे?

पोचलो तर केंद्राच्या दारात सिस्टर उभी, हातात फोन, तोंड असं. मागं बाकांवर आयाच आया, कुणाचं पोर झोपलेलं, कुणाचं रडतंय, आणि आमची पोर तिसऱ्या नंबरावर, बाळाचा हात धरून हलवतेय, "बघ, आजोबा आले!" मी ऐटीत पेटी उघडली. काय गारवा, अहाहा! सिस्टर म्हणाली, "डबी कुठंय?"

"आहे की."

"कुठं?"

काढली खिशातून. चाळीस बायांसमोर. एकजण फिसकन हसली, तिचं हसणं अजून कानात आहे माझ्या.

मग सिस्टरनं आमच्या पेटीतली एक बाटली घेतली, फ्रीजमधून गेल्या महिन्याची उरलेली एक घेतली, दोन्ही हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. थोड्या वेळानं बघतो तर तिची बाटली अजून दुधासारखी, एकजीव. आमच्या बाटलीत वर पाणी आणि खाली चोथा! दुसरी काढली, चोथा. तिसरी, चोथा. सिस्टर म्हणाली, "काका, गोठून खराब झालीय. आता टोचली तर पोर रडेल फक्त, उपयोग शून्य."

"अहो, पण मी तर नेहमी अस्संच भर..."

"नेहमी?"

"...म्हणजे, नेहमी काळजी घेतो."

गेलो परत. दुसरं काय करणार? कंट्रोल रूमवालीनं दुसरी पेटी तयार ठेवायला लावली होती. चारच आइसपॅक, एकेक हलवून बघितला मी स्वतः, डुचमळत होते मेले. आणि पुन्हा केंद्राकडं येताना डबी पाच डिग्रीवर गप्प! फोन नाही, टीं टीं नाही. अहो, ओरडली असती तर बरं झालं असतं, तिला चार शिव्या तरी हासडल्या असत्या. ती गप्प, आणि माझं डोकं सुरू. सिस्टर म्हणाली होती, दर वेळी सगळंच गोठतं असं नाही, बर्फाला चिकटलेल्या बाटल्या तेवढ्या जातात... पण सव्वीस वर्षं हो! दर वेळी सगळ्यात जास्त बर्फ कुणाचा, तर माझा. मिरवायचो मी. खोटं कशाला बोलू, लाज वाटली, गाडी चालवताना डोळे पुसले दोनदा.

तीन वाजता पोचलो. पोरीनं एकीलाही उठू दिलं नव्हतं, चाळीसच्या चाळीस बसलेल्या! नातीला टोचली, तिनं असं काही भोकाड पसरलं की छत हलावं. सगळं आटोपलं, सिस्टर हात धुवायला निघाली, तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "सिस्टर, मोठ्यांचीही एक असते ना, धनुर्वाताची वगैरे? आमच्या पोरीलाही टोचून टाका."

पोरगी म्हणाली, "काहीतरीच काय बाबा! मी चोवीस वर्षांची आहे!"

म्हटलं, "म्हणूनच सांगतोय गं बाई. दंड पुढं कर."