काना राहिला

हॅलो? …हां ताई, बोल. …नाही गं, घरी कुठली, कॉलेजातच आहे. सरावाच्या खोलीत. पोरं गेली सगळी, आता आजोबांचं आवरतेय. …अगं आजोबा म्हणजे तो रबराचा पुतळा, ज्याच्यावर मुलं शिकतात. त्यांच्या हातातली सुई काढतेय, फोन खांद्यावर धरलाय, तेव्हा जरा मोठ्याने बोल.

…माहीतच होतं मला, तुझा फोन येणार ते. …हो, हो… अगं ऐक ना. …ऐकून तर घे आधी.

…कसला अपमान? …हो, काल. हो, सगळ्यांसमोर. माझ्याच वर्गात, मी तिथेच उभी होते. नर्सिंगच्या एका मुलीने तुझ्या राजाला 'थांब' म्हटलं. 'थांबा' नाही, 'थांब'. एक काना राहिला. बास, एवढंच झालंय.

…एकेरीत, हो. …अगं दोघं एकाच वयाची आहेत. …डॉक्टर होणार आहे, झालेला नाही अजून. आणि झाला तरी काय?

…नाही, आता मी बोलते. तुला माहितीये हा सराव कशासाठी असतो? डॉक्टर होणारा, नर्स होणारी, औषधांचं शिकणारा, फिजिओथेरपीची, अशी चौघं एका पलंगाभोवती उभी करतो आम्ही. एकमेकांचं ऐकायला शिकावं म्हणून. वॉर्डात जायच्या आधी. त्यात नियम एकच. ज्याला धोका दिसेल त्याने 'थांबा' म्हणायचं, आणि बाकीच्यांनी हात तिथल्या तिथे थांबवायचा. मग म्हणणारं कुणी का असेना. भिंतीवर लिहून ठेवलंय मी, हातभर अक्षरात. तुझा राजा रोज त्याच भिंतीला टेकून उभा असतो.

…अर्धंच सांगितलंय त्याने तुला. पुढचं ऐक. आजोबांच्या मनगटाला लाल पट्टी होती. लाल पट्टी म्हणजे या माणसाला एक औषध अजिबात चालत नाही. टोचलं तर जीव जाईल. ती मीच पांघरुणाखाली सरकवून ठेवली होती. बघूया कोण हात उचलून बघतं. …फसवणूक कसली, शिकवणं आहे ते. वॉर्डात पेशंट काय पट्टी नाचवत येतो?

तर तुझे चिरंजीव झाले पुढारी. हे आणा, ते आणा, तू इकडे हो, तू तिकडे हो. नुसता हुकूम. आणि त्या मुलीने पांघरूण सारलं, तर पट्टी. …आवाज म्हणशील तर असा, की हजेरीला 'हजर' म्हणते तेव्हा मला मान वर करून बघावं लागतं, आहे का नाही. चिमणी म्हणतात तिला सगळे. वर्षभर डोकं फोडतेय मी तिच्यापुढे, मोठ्याने बोल म्हणून. ती म्हणाली, 'सर, थांबा.' हा सुरूच. परत म्हणाली, 'थांबा ना.' हा त्याच औषधाची सुई उचलतोय. तेव्हा कुठे ओरडली. 'थांब.' खोलीतली सगळी थांबली, बाई. मी सुद्धा.

…आवाज कसला चढवला, सलाइनच्या नळीशी सुई पोचली होती. तिचा काना राहिला असेल गं, पण याचे कान कुठे होते?

…आणि पट्टी बघून काय म्हणाला असेल? 'बरं झालं' नाही. 'चुकलो' नाही. म्हणतो, 'मला एकेरीत बोलायचं काम नाही.' …हो, असंच. शब्दाला शब्द. …नाही, फार्मसीचा पोरगा गप्प. त्यालाही पट्टी दिसली होती म्हणे. म्हटलं, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, मला कुणी विचारलंच नाही. आहेत एकेक रत्नं. त्यालाही झाडलाय मी, काळजी करू नकोस.

…एक मिनिट हं ताई. …काका, पाच मिनिटं द्या, फरशी मग पुसा. दिवे मी बंद करते. …हां, बोल.

…तोच तर राग आलाय मला. मघाशी मोठ्या सरांनी बोलावलं होतं. म्हणाले, सोमवारी त्या मुलीने सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर तिला वॉर्डात पाठवू नका. म्हणजे वर्ष गेलं तिचं. आणि मला कळेना, सरांच्या कानावर गेलं कसं? वर्गात तर सर नव्हते.

…काय? …कुणी केला फोन? …भाऊजींनी?

…ताई, भाऊजी स्वतः डॉक्टर आहेत गं. त्यांना तरी कळायला हवं होतं. …मोठ्या सरांचे मित्र असतील, म्हणून एका पोरीच्या पोटावर पाय द्यायचा? …नाही, जास्त बोलत नाहीये मी. कमीच बोलतेय.

…'एक शब्द तर म्हणायचाय' काय? ती म्हणतेच आहे ना. बाहेर बाकावर बसलीये आत्ता. डोळे पुसत म्हणते, मॅडम, मागून टाकते माफी, वॉर्ड चुकायला नको. आणि ती मागेल, ताई. आणि मग कधी तोंड उघडणार नाही. पट्टी दिसली तरी मूग गिळून गप्प बसेल. तेव्हा पलंगावर रबराचे आजोबा नसतील. कुणाचे तरी खरे असतील. …मी नाही मागू देणार. सरांना सांगून आलेय तसं. …जाईल नोकरी तर जाऊ दे.

…मान, मान. अगं, तुला मी जन्मभर 'तू' म्हणत आले. आईला 'तू' म्हणतो आपण. कधी मान कमी झाला कुणाचा? …वेगळं कसं?

…तो आहे का घरी? दे त्याला. …रडवत नाही मी त्याला. दे.

…हां, राजा. मावशी बोलतेय. …नाही, रागवायला नाही. रागवून झालं काल. एकच विचारायचंय. ती आधी दोनदा 'थांबा' म्हणाली. तुला ऐकू आलं होतं का?

…मोठ्याने बोल, राजा.

…आलं होतं. …दोन्ही वेळा?

…मग?

…हं. …नर्सच ती, टॉवेलबिवेल द्यायला थांबवत असेल वाटलं.

…नाही रे, खरं बोललास, त्याचं काय वाईट वाटायचं. …माहितीये, झोप नाही लागली ना? मला पण नाही. …आईला का नाही सांगितलंस हे? …हो, एकेरीचं सांगणं सोपं. …बाळा, काल ती गप्प बसली असती ना, तर तू टोचलं असतंस. कळतंय तुला. कळतंय म्हणूनच एवढा चिडलायस.

…काय म्हणालास? …सोमवारी? तू सांगणार? …मोठ्या सरांसमोर, की ऐकू आलं होतं म्हणून? …आणि तिच्याकडे बघून सांगशील, भिंतीकडे नाही. …बाबा चिडतील, हो. चिडू देत. मी आहे. …शहाणा आहेस. आधीच असतास तर…

…हॅलो? राजा? …ताई, तू का घेतलास फोन? …अगं तो स्वतःहून म्हणतोय. …नाही, मी नाही शिकवलं. …नाक नाही कापलं जाणार कुणाचं. …अगं पण… भाऊजींना काय सांगायचं ते… ताई, थांबा. …ताई, माझं… …हो, वाढवलंस तू त्याला, पण… थांबा ना, ताई… …अगं…

ताई, थांब.

…

…हं. त्याआधी दोनदा 'थांबा' म्हटलं मी तुला. ऐकू आलं?

…ठेवते. पोरगी बाहेर बसलीये.