भाच्याला दिलेलं घर

माझा जन्म मुरुडच्या बाजूचा. चौथीपर्यंत शाळा, मग लग्न, आणि इकडं माणगावकडच्या भातशेतीत येऊन पडले. सासूनं कौलारू घर दिलं, ते मी जन्मभर सारवलं, दर पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतली, काय सांगू तुम्हाला, गळायचं, पण उभं होतं.

मालक गेले, मुलगा मुंबईला नोकरीला. तो म्हणाला, आये, पक्कं घर बांधू, पण कंत्राटदाराशी कागद करू, काम होईल तसे पैसे देऊ. मी म्हटलं, कागद कसला, माझ्या भावाचा पोरगा हाय ना कंत्राटदार, भाच्याकडून कागद लिहून घेतला तर माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ? मुलगा म्हणाला, तुझं माहेर, तू बघ.

भाचा आला, पाया पडला, म्हणाला, आत्ये, यंदाचा गणपती नव्या घरात. आधी जुनं पाडलं. वासे, कौलं त्यानंच टेम्पोत घालून नेली, तेही मी विचारलं न्हाय. पैसे मागितले तेव्हा दिले, काम किती झालं ते कोण बघतंय, माणूस आपला हाय एवढंच बघितलं. पिलर उभे राहिले, सळया वर आल्या, आणि माणसं गेली. म्हणाला, मांडव्याला बंगल्याचं काम निघालंय, लगेच येतो. मग फोन उचलेना.

मुलगा म्हणतो, तक्रार कर. कुणावर करू? भावाकडं गेले. भावजयीनं बांगड्याचं कालवण केलं, आग्रह करकरून वाढलं. भाऊ म्हणाला, ताई, धंद्यात मागंपुढं होतं, तू काय परकी हायस? बोलायला गेलेली मी, जेवले आणि एसटीत बसून परत आले. तुम्ही घर बांधणार असाल तर परक्याला द्या. त्याच्याशी भांडता तरी येतं.

आता मी गोठ्यात राहते, गुरं विकल्यापासून रिकामाच होता. आमचा गणपती जावेच्या घरी, तिच्या गणपतीशेजारी पाटावर बसवला. आमच्याकडं असं कधी झालं न्हाय. जावेनं आपला गणपती सरकवून जागा करून दिली, तेच जास्त लागलं.

आणि भाचा आला की दर्शनाला, माहेरचा नारळ घेऊन. जावेनं विचारलं, काय रे, आत्याला गोठ्यातच ठेवणार का? हसला. म्हणाला, दिवाळीनंतर नक्की. मी त्याच्या ताटात मोदक वाढला, वर तूप घातलं. जाताना पुन्हा पाया पडला. सगळं घर बघत होतं. सुखी राहा, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?