घराणं बघायला

गेवराईच्या दवाखान्यात लसीसाठी आणलेल्या आपल्या बाळाला थोपटता थोपटता प्रणिता मागच्या बाकावरचं आजी-नातीचं बोलणं ऐकत होती.

“आजी, धर्मभगिनी व्हायला जायच्या आधी फादरनी शुभवर्तमान वाचायला सांगितलंय. पुस्तक कुठं लपवलंस?”

“पिठाच्या डब्यात.”

“कावून गं?”

“तुझं वाचून झालं, की तू कायमची मठात जानार.”

प्रणिताचा हात थांबला.

“येशूनं बोलावलंय, आजी. तू बी रोज त्याच्याच पाया पडतीस की.”

“पाया पडनं निराळं, पोर देनं निराळं. घराणं बघाय नको?”

“पहिल्याच पानावर येशूची वंशावळ हाय. वाचून दाखवू?”

“घरी गेल्यावर काढते भायेर. पर सावकाश वाच. पोरीकडच्यांनी लई घाई करू न्हाई.”