प्रश्न अजून विचारलेला नाही

—नाही हो हरिबामामा, तुमचं काही चुकलं नाही, कळ्या लावल्यात ते बरोबरच केलंत, फक्त मी अजून देवाला काही विचारलेलंच नाही. म्हणजे मनातसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, हरिबा गुरव कौल लावतील, तू नुसता हात जोडून प्रश्न धर — आणि काल रात्री त्या एवढ्याशा गोष्टीनं माझा डोळ्याला डोळा लागला नाही. आजाराची भीती म्हणाल तर तिची आता सवय झालीय, ती येते आणि शेजारी झोपून जाते. जागं ठेवलं ते या प्रश्नानं. एकच विचारायचा, आणि त्याचं उत्तर हो नाहीतर नाही असंच यायला हवं — देवाच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी सुटली तर हो, डावीकडची सुटली तर नाही — असंच ना? मी सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात फिजिक्स शिकवते मामा. एका मार्काचे प्रश्न, चूक की बरोबर, ढिगानं काढलेत आजवर. आणि देवासाठी एक निघेना. माया! घंटेला लोंबकळायचं नाही, मामा रागवतील — रागवत नाहीत म्हणा, पण मी त्यांना रागवायला सांगेन.

थांबा ना जरा. नवरा माझा, तुमचा विश्वजीत, बाहेर गाडीपाशी फोनवर आहे, भावाशी बोलतोय, तो आत यायच्या आधी मला हे जमवायचंय. सासूबाईंनी तुम्हाला पोटाचा आजार म्हणून सांगितलं असेल. घरात तसंच म्हणायचं ठरलंय, पोटाचा. पोटाचा नाही — आता देवासमोर काय लपवायचं, आणि तुम्हीही वडिलांच्या जागी — गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. सांगलीचे डॉक्टर म्हणतात, सोमवारपासून सुरू करू. नेहमीच्या मशिनवर बाहेरून रेडिएशन, सासूबाई त्याला शेक म्हणतात, सोबत केमो, आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन. यानं काम होतं, ते म्हणाले, फक्त वेळ घालवू नका. आणि दुसरं आहे ते प्रोटॉनचं मशिन. ते लांब, मोठ्या शहरात. तिथं कागद पाठवलेत. ते म्हणतात, बघतो. घेतील किंवा नाही घेणार, घेतलं तर नंबर महिन्यानं लागेल नाहीतर दीड महिन्यानं, आणि ते घेतलं तरी आतून द्यायचं काही चुकत नाही. मी सांगलीच्या डॉक्टरांना विचारलं, पण ते जास्त चांगलं ना? तर म्हणाले, तुमच्यासारख्या केसमध्ये अजून तपासणंच चाललंय, आतड्यांना त्रास कमी होईल कदाचित. कदाचित! आणि वर म्हणाले, निर्णय तुमचा. मी पोरांना चार पर्याय देते तेव्हा बरोबर कुठला ते निदान मला तरी माहीत असतं हो.

घरात तर कुणाला शंकाच नाही. आमचे मोठे भावजी, दादासो, सैन्यातले — ते तिकडून फोन करतात, रेश्मा, चांगलं हत्यार असताना जुनं कशाला उचलायचं? सासूबाईंनी विचारलं, हे प्रोटॉन म्हंजी काय गं? मी त्यांना एसटीचं सांगितलं. म्हटलं, साधा किरण म्हणजे थेट गाडी, आपल्या गावात काम असलं तरी ती गावातनं धुरळा उडवत पार पुढं जाते, वाटेतल्या सगळ्यांना थोडं थोडं भाजत. आणि प्रोटॉन म्हणजे आपल्या स्टॉपला उतरणारा माणूस. उतरला की पुढं जात नाही. त्यांना इतकं पटलं! म्हणाल्या, "मग त्यो शाणा हाय की! आमच्या सुनंला त्योच पायजे. लय मोठं मशिन असंल तितंच न्यायचं, मागं न्हाई बघायचं." आणि गल्लीभर सांगत सुटल्या. उदाहरणं मी चांगली देते मामा, माझ्याकडून शिकलेल्यांना सगळं कळतं. माझंच तेवढं राहतं.

तर प्रश्न. 'प्रोटॉनसाठी थांबू का?' — हा एक. हो आलं, थांबले, आणि तेवढ्यात ते आतल्या आत वाढलं तर? मग देवाला बोल लावायचा का? बरं, 'सांगलीतच करू का?' — हो आलं तर सोमवार, म्हणजे परवाच की. आज शनिवार. तिसरा एक आहे, पण तो विचारायचा नाही अशी मी स्वतःलाच शपथ घातलीय. बरी होईन का, हा. कारण समजा डावी कळी पडली, तर मी इथून गाडीत मागच्या सीटवर बसून, मायाला मांडीवर घेऊन, घरी कशी जाणार? कुठली गाणी लावणार?

आणि सासूबाईंचा त्यांचा त्यांचा एक आहे. काल भाकरी थापताना म्हणाल्या, बरी झालीस की मायाला भाऊ हवा बघ. मी हो म्हटलं. काय म्हणणार? ते आता होणार नाही मामा, कुठल्याही मशिननं. शहाण्या प्रोटॉननंसुद्धा नाही. मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं होतं. विश्वजीतलाही अजून सांगितलेलं नाही — आणि तुम्हाला सांगून बसले बघा. तुम्ही काही बोलत नाही ना, त्यानं होतं हे असं. वर्गात शांत बसणाऱ्या पोरांपुढंही माझं असंच होतं, त्यांच्यासाठी म्हणून मी बोलतच सुटते.

खरं सांगू? सगळ्यांना वाटतं, मला ते मोठं मशिन हवंय. मलाही वाटत होतं. मला मशिन नकोच आहे. मला नंबर लागायची वाट बघायचीय. वाट बघतेय तोवर मी आजारी नाही ना — कॉलेजात जाईन, डबे करीन, मायाच्या वेण्या घालीन, ती वळवळेल, मी ओरडेन, आणि कुणी विचारलं तर सांगायचं, प्रोटॉनसाठी थांबलोय. कसं शिकलेल्या माणसाचं कारण वाटतं! कुणी भित्री म्हणणार नाही. सगळे म्हणतील, काय जपतात हो सुनेला, आणि मी आपली — काय? काय झालं? — पडली? कुठली पडली? — उजवी?

पण मी विचारलंच नव्हतं! मामा, तुम्हीच सांगा, मी नुसती बोलत होते, ते काय विचारणं झालं का? नेमकं काय बोलत होते मी, वेण्यांचं की प्रोटॉनचं? — देवाला मनातलं कळतं म्हणताय. अहो, मनात एका वेळी तिन्ही होते. 'थांबू का?'लाही हो, 'सोमवारी सुरू करू का?'लाही हो — चालेल का? आणि ज्याची शपथ घातलीय त्यालाही हो — ते चालेल, ते खूप चालेल, पण ते त्याच्यासाठीच पडलं हे कुणी सांगायचं? पाणी वाळलं की कळी सुटते, कळतं मला, दाराकडून वारा येतोय, तिकडची आधी वाळणारच. कळतं आणि तरी तुम्हालाच विचारत बसलेय.

नाही, परत नका लावू. मी मला ओळखते, मला हवं ते पडेपर्यंत लावायला लावीन तुम्हाला, संध्याकाळ होईल. म्हणजे आलं ना फिरून माझ्याच गळ्यात. ती दुसरीही काढून ठेवा. आणि विश्वजीत आला तर उजवी पडली म्हणून सांगू नका त्याला, तो लगेच थांबायचं म्हणेल. सांगा की — नको, काहीच नका सांगू. मी सांगते. काय सांगणार आहे कुणास ठाऊक. बरंय, येते मी. माया, चल, चप्पल घाल. घाल गं. इकडे बघ — तू आता थोडे दिवस इथं आजीजवळ राहायचंस, हं? सोमवारी ना, आई सांगलीच्या दवाखान्यात जाणार आहे — हो, सोमवारी. आलं बघा तोंडातून. जाऊ दे, असू दे सोमवार. काय गं? काय म्हणालीस?

"आणि मंगळवारी?"