टावेलाखालचा तह

शाहूपुरीतल्या न्हाव्याच्या बाकावर केरबा दाढीसाठी नंबर लावून बसला होता. उजवीकडं गुळाचे व्यापारी मीरासाब, डावीकडं गुळाचेच व्यापारी सिद्धाप्पा; अन् दोघांची तोंडं दोन दिशेला.

"पावणं, सिद्धाप्पास्नी सांगा, त्यांच्या इराणपायी माझा गूळ मुंबईच्या वाटंवरनं माघारी आला."

"मी कशापायी सांगू? ते हितंच बसल्यात की."

"आमचं बोलणं बंद हाय. माझा गूळ इराकला जातोय, त्यांचा इराणला. लढाई चाललीया न्हवं!"

"पावणं, मीरासाबास्नी सांगा, माझ्या इराणनं दुप्पट गूळ मागितलाय. जळा म्हणावं."

"इचारा त्यास्नी, एवढा गूळ आणणार कुठनं? माझा वखारीत पाझराय लागलाय. घेत्यात का?"

"दुश्मनाचा गूळ? इराण काय म्हणंल? ...दर काय, तेवढं इचारा."

"दर तोंडानं सांगायची रीत न्हाय म्हणावं. टावेलाखाली बोटं धरूनच ठरतोय."

सिद्धाप्पांनी खांद्यावरचा टावेल केरबाच्या मांडीवर पसरला. दोन्हीकडनं एकेक हात आत शिरला. आत बोटं बोटांशी झटायला लागली, अन् केरबा अंग चोरून बसला.

"पावणं, सिद्धाप्पास्नी सांगा, ठरलं."

"त्यास्नी म्हणावं, पोत्यांवरचं इराकचं नाव तेवढं पुसून धाडा."

केरबानं घसा खाकरला.

"आन् मधल्याची दलाली?"

दोघं गर्रकन एकमेकांकडं वळले.

"ऐकलंसा का, सिद्धाप्पा?"

"ऐकलं की, मीरासाब! दलाली मागतोय! आपल्यात बोलणं तरी हाय का?"