हिरोचं दूध

— रडू नका इथी, दिव्यानीबाई, रडाचं काम आमचे नट लोक करते अन् त्याचं तिकीट असते. विक्कीले कंपनीतून काढलं ते मीच काढलं, हव, या गुणवंतरावनं, अन् वडशातली दुसरी कोणती नाटक कंपनी बी त्याले घेणार नाई, त्याची सोय बी मीच केली — फोन केले सगळ्यायले. मंग? तुमच्या नवऱ्यानं काय केलं ते सांगितलं का त्यानं घरी? नसन सांगितलं. तिसरा अंक चालू — माय मरून राह्यली, तिचं डोकं याच्या मांडीवर, मांडवात बायकायचे पदर डोळ्याले — अन् हा! मायचं डोकं दाणकन फळीवर सोडलं अन् पोट धरून पळाला मागच्या वावराच्या धुऱ्याकडे, लोटा घेऊन! मेलेली माय उठून बसली न बाई, डोकं चोळत! पब्लिक पह्यले हासलं, मंग खुर्च्या आल्या. पेटीवाल्याचं कपाळ फुटलं. गावात मंडईची जत्रा, घरोघरी पाहुणे, त्यायच्यासमोर आमचं नाक कापलं. अन् तुम्ही इथी येऊन सांगता, दूध सोसत नाई त्याले.

दूध! दूध काय जहर आहे? तान्हं लेकरू दुधावर जगते! — काय? डॉक्टर म्हणते? लहानपणी पचते अन् मोठेपणी काई लोकायले पचत नाई? वा! अन् दही चालते म्हणता, ताक चालते, फक्त दूधच नाई — हे बिमारी आहे का जावयाचे नखरे? घरी पेत नसन, पण इथी पेत होता न! मी पाजत होतो, माझ्या हातानं. आमच्या कंपनीची रीत आहे, माझ्या बापापासूनची — पह्यल्या घंटीच्या आधी मालकानं हळद-बदामाचं दूध हिरोच्या हाती द्याचं, त्यानं उभ्या उभ्या संपवाचं, मंग रंगमंचाच्या पाया पडाचं. आजवर कोणत्या हिरोनं नाई म्हटलं नाई. यानं म्हटलं! "भाऊ, मले नको" — सगळ्या कंपनीसमोर! माझा हात ग्लास धरून तसाच राह्यला. मी म्हटलं, पे. पेला मंग मुकाट्यानं.

अन् मी काय त्याच्याकडे पाह्यलं नाई म्हणता? अवो, पह्यला अंक सरेपर्यंत पोट ढोलकीसारखं फुगे त्याचं, विंगेत वाकून उभा राहे, गुडगुड अशी का तबलेवाला माझ्याकडे पाहे — मी म्हटलं अशक्तपणा आहे पोराले, अन् ग्लासाच्या जागी लोटा सुरू केला. सायीसकट! कोणता मालक करते एवढं? अन् उपकार काय फेडले त्यानं, तर दर अंकाले धुऱ्याकडे! म्हणूनच मी फोनवर सांगितलं सगळ्यायले का हा पोरगा दारू पेऊन रंगमंचावर चढते. — हव, तेच सांगितलं. दारूचा वास? नाई, वास कुठी येत होता दारूचा, मीच तर जवळ उभा राहो. दुधाचाच येत होता. पण लोकायले काई तर सांगा लागते न, बाई! हिरो अंकातून पळते याचं कारण काय सांगू मी?

अन् खरं कारण मले मालूम आहे. दुसऱ्या कंपनीनं फोडलं त्याले, माझे खेळ पाडाले. पुरावा पाह्यजे? देतो न. हेमलकशाकडे आमचे खेळ लागले होते, आत, जंगलातल्या गावायत. झोप नाई, रस्ता नाई, जेवाले भात अन् अंबाडीची भाजी — अन् तुमचा विक्की तिथी वाघ! एक संवाद चुकला नाई, एकदा पोटाले हात लावला नाई, गाणं असं म्हटलं का लोकायनं पुन्हा म्हणाले लावलं. अन् इकडे वडशाच्या आसपास आलो, का झालं सुरू! आता तुम्हीच सांगा, तिथी ठणठणीत अन् इथी बिमार, हे कसं? दुसऱ्या कंपनीचे लोक तिथी पोहचत नाई, म्हणून! नाई तर फरक काय आहे? तोच हिरो, तोच खेळ, तोच भात. तिथी एक दूध तेवढं भेटत नाई — तिकडचे लोक म्हणते गाईचं दूध वासराचं, काढतच नाई — तर रीत मोडू नये म्हणून मी आपला लोट्यात नुसतं पाणी द्यायचो त्याले, नुसतं...

— पाणी.

काय पाहून राह्यल्या माझ्याकडे? चहा घ्या. घ्या म्हटलं न, निवून राह्यला. माझा काळाच असते. दुधाचा घेतला का दिवसभर माझं पोट — ते वेगळं आहे! माझं वय झालं. माझ्या बापालेबी चालत नव्हतं, त्याचंबी वय झालं होतं. तुम्ही लगेच असं मान हलवू नका.

अन् समजा, समजा म्हणतो मी, तुमचं खरं असन. मंग काय करू? सगळ्या कंपनीले सांगू, का हिरोले मालकानंच आजारी पाडलं, आपल्या हातानं लोटा भरून? नवा हिरो आला आहे नागपूरचा. बॅनरवर फोटो लागला त्याचा. — निदान फोन? फोन करून काय सांगू, मी खोटं बोललो म्हणून? गुणवंतराव खोटं बोलते म्हणून? नाई. नाई जमत, बाई. जा तुम्ही.

वच्छला! ये वच्छला! ते दूध उतरव चुलीवरचं. नव्या पोराले देऊ नको आज. — काऊन म्हणजे? नको म्हटलं न! लोट्यात पाणी भर, नुसतं पाणी, मी देतो त्याले माझ्या हातानं.

दिव्यानीबाई, तुम्ही अजून इथीच? जा म्हटलं न.